हनुमानाचें नाणें आणि जुन्या नाण्यांची पारख

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हें किती जुनें असेल, हा एक. आणि याचे किती रुपये येतील, हा दुसरा. पहिला प्रश्न जिज्ञासेचा आहे, दुसरा व्यवहाराचा. दोहोंतही गैर असें कांहीं नाहीं. परंतु पहिल्याचें उत्तर मिळण्यापूर्वींच दुसऱ्याच्या मागें धांवणारा मनुष्य बहुधा फसतो. फसण्याचे प्रकारही दोन आहेत. ज्याचें मोल मोठें असतें तें नाणें सोनाराच्या मुशींत जाऊन पडतें. आणि ज्याचें मोल कांहींच नसतें त्याच्यापायीं घरांतील साठविलेला पैसा ठकाच्या हातीं जातो. हे दोन्ही प्रकार टाळतां येण्याजोगे आहेत, व त्यासाठीं मोठ्या विद्वत्तेची गरज नाहीं. क्रम मात्र सांभाळावा लागतो.

सालेकसा हें गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोंकास असलेलें तालुक्याचें गांव. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग येथून दरेकशाच्या डोंगरांतून पुढें छत्तीसगडांत डोंगरगडाकडे उतरतो. उत्तरेस मध्यप्रदेशांतील बालाघाट जिल्हा लागून आहे. धानाच्या बांध्या, जुने तलाव, आणि भोंवतीं रान, असा हा प्रदेश आहे. अशा ठिकाणीं जुनीं नाणीं तीन वाटांनीं घरांत येतात. कांहीं आजीच्या गळ्यांतील रुपयांच्या माळेंतून, कांहीं देव्हाऱ्यांतून, आणि कांहीं नांगराच्या किंवा कुदळीच्या टोंकाला लागून जमिनींतून. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचें मूळ गांव बहुधा असेंच कोठें तरी असतें, आणि गांवाकडील भावबंदांचा पहिला सल्ला विचारला जातो तो शहरांतील नातलगालाच. तेव्हां हा विषय एका तालुक्यापुरता नाहीं.

समजा, अशा एका घरांत तीन नाणीं निघालीं. पहिलें मोठें, काळसर तांबड्या रंगाचें. त्यावर एका बाजूस हनुमान, दुसऱ्या बाजूस इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, ‘हाफ ॲना’ ही किंमत आणि १८१८ हें साल. दुसरा पंचम जॉर्ज बादशहाचा चांदीचा रुपया. माळेंत ओंवण्यासाठीं त्याला कडी डाक लावून जोडलेली. तिसरें नखाएवढें, पिवळें, ओबडधोबड. त्यावर जुन्या नागरी वळणाचीं दोन ओळी अक्षरें. घरांतील सर्वांचे डोळे पहिल्यावर खिळतात. हनुमानाचें नाणें लाखोंनीं विकलें जातें, अशी वार्ता बाजारांत फिरत असते. रुपया चांदीच्या भावानें जाईल असें ठरतें. आणि पिवळा तुकडा पितळेचा असावा म्हणून मुलांच्या खेळांत जातो. पारखी मनुष्य या तिहींचा क्रम नेमका उलटा लावील. कां, तें पाहणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या १८१८ च्या नाण्याविषयीं. तें खोटें आहे हें ठरविण्यास तराजूही लागत नाहीं, इतिहास पुरतो. १८१८ सालीं सालेकसा व भोंवतालचा मुलूख नागपूरकर भोंसल्यांच्या राज्यांत होता. त्याच वर्षीं इंग्रजांनीं अप्पासाहेब भोंसल्यांस पदच्युत केलें व तिसऱ्या रघूजीस गादीवर बसविलें. राज्य खालसा झालें तें १८५४ सालीं. कंपनीच्या निरनिराळ्या इलाख्यांत त्या काळीं निरनिराळीं नाणीं चालत. सर्व इलाख्यांसाठीं एकसारखें नाणें कंपनीनें सुरू केलें तें १८३५ सालीं, व त्या रुपयावर चौथ्या विल्यम राजाचें मस्तक होतें. दक्षिणेंत मद्रासकडे लोकांच्या संवयीला धरून कंपनीनें होनांवर विष्णूची मूर्ति उमटविली, हें खरें आहे. परंतु हनुमान किंवा रामपंचायतन, त्याखालीं इंग्रजी किंमत आणि १८१८ साल, असें चलन कंपनीच्या कोणत्याही टांकसाळींतून निघालें नाहीं. याच जातीच्या तुकड्यांवर १६१६ व १७१७ हीं सालेंही आढळतात. १६१६ मध्यें कंपनी सुरतेस वखार घालून नुकती कोठें स्थिरावत होती; स्वतःचें नाणें पाडण्याचा अधिकार तिला कोठून असणार? हे तुकडे म्हणजे देवळांच्या आवारांत व जत्रांत विकल्या जाणाऱ्या मुद्रा होत. श्रद्धेनें देव्हाऱ्यांत ठेवण्यास हरकत नाहीं. चलन म्हणून किंवा पुराणवस्तु म्हणून त्यांस मोल नाहीं.

याच तुकड्यांभोंवतीं आणखी एक जाळें विणलेलें असतें. विशिष्ट जुनें नाणें तांदूळ ओढून घेतें, त्यांत आकाशांतील विजेची शक्ति उतरलेली असते, परदेशांतील शास्त्रज्ञ त्यासाठीं कोट्यवधि रुपये देतात, अशी कथा सांगितली जाते. धानाच्या मुलखांत ती विशेष चटकन् पटते. त्यामागील कारागिरी साधी असते. तांदळाच्या दाण्यांस लोखंडाचा बारीक कीस चिकटविलेला असतो व नाण्यांत किंवा त्याखालीं चुंबक असतो. कोणताही धातु तांदळाच्या कोरड्या, स्वच्छ दाण्यास ओढीत नाहीं. घरांतील डब्यांतला मूठभर तांदूळ आणून प्रयोग करून दाखविण्यास सांगितलें कीं सिद्धपुरुषाची शक्ति तत्काळ ओसरते. या नादापायीं कर्ज काढून पैसे भरलेले लोक महाराष्ट्रांत व बाहेरही थोडे नाहींत.

आतां यांतील मौज अशी कीं, हनुमानाचीं खरीं नाणीं अस्तित्वांत आहेत, आणि तीं याच बाजूच्या इतिहासांतील आहेत. छत्तीसगडांत बिलासपूरजवळील रतनपूर येथें कलचुरि वंशाची एक शाखा राज्य करीत होती. त्या वंशांतील पहिल्या जाजल्लदेवाचा कलचुरि संवत् ८६६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा शिलालेख रतनपूर येथें मिळाला आहे. त्याला वार्षिक कर देणाऱ्या अधिपतींच्या यादींत वैरागर, लंजिका व भाणार हीं नांवें येतात. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड, लंजिका म्हणजे सालेकशाच्या उत्तरेस असलेली लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा, असें अभ्यासकांनीं ओळखलें आहे. सालेकसा या तिहींच्या मधल्या पट्ट्यांत पडतें. रतनपूरकरांच्या जाजल्लदेव व पृथ्वीदेव या नांवांच्या तांब्याच्या कांहीं नाण्यांवर एका बाजूस हनुमान असतो, दुसऱ्या बाजूस नागरींत राजाचें नांव. इंग्रजी अक्षर, सालाचा आंकडा व गुळगुळीत कांठ यांतील कांहींही त्यावर नसतें. तीं झिजलेलीं, हिरवट काळीं आणि दिसण्यांत अगदीं सामान्य असतात. खोटें नाणें डोळे दिपवितें व खरें डोळ्यांतून सुटतें, हा अनुभव या व्यवहारांत पदोपदीं येतो.

त्याच राजांचीं सोन्याचीं नाणींही आहेत. त्यांवर एका बाजूस गजशार्दूल, म्हणजे हत्तीवर झेप घेणारा सिंह, आणि दुसऱ्या बाजूस ‘श्रीमज्जाजल्लदेव’, ‘श्रीमद्रत्नदेव’ किंवा ‘श्रीमत्पृथ्वीदेव’ हें नांव दोन ओळींत असतें. वजन चार ग्रॅमच्या किंचित आंत. बिलासपूर भागांतील सोनसरी येथें १९२१ सालीं अशा नाण्यांचा सुमारें सहाशेंचा सांठा निघाला. त्यांत पृथ्वीदेवाचीं नाणीं सर्वांत अधिक होतीं. आतां वर कल्पिलेल्या तीन नाण्यांतील तें पिवळें, नखाएवढें नाणें पुन्हा पाहावें. त्यावरील दोन ओळी कोणाच्या तरी ध्यानांत येण्यापूर्वींच जर तें सोनाराच्या मुशींत गेलें, तर मालकाला चार ग्रॅम सोन्याचे पैसे मिळतील. पण तें नाणें कोठें मिळालें, कोणत्या राजाचें होतें, रतनपूरचा पैसा या रानांतून खरोखर फिरत होता कीं काय, हें सांगणारा साक्षीदार कायमचा नाहींसा होईल.

यासाठीं जुनें नाणें हातीं येतांच पाळावयाचा पहिला नियम असा कीं, तें घासूं नये. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, दंतमंजन, यांपैकीं कशानेंही उजळूं नये. तांब्यावर शतकानुशतकें चढलेला हिरवा-काळा थर हा मळ नव्हे. तोच त्याचें संरक्षण करितो, आणि तोच जाणत्याला वयाची खूण देतो. उजळलेल्या नाण्यावरील बारीक रेषा पुन्हां भरून येत नाहींत व संग्राहक त्याची किंमत ताबडतोब कमी करितो. माती फार असेल तर स्वच्छ पाण्यांत भिजवून मऊ कापडावर टिपून घ्यावें, याहून अधिक कांहीं करूं नये. नाणें दोन बोटांनीं कांठांस धरावें, कागदाच्या स्वतंत्र पाकिटांत ठेवावें. अनेक नाणीं एका डब्यांत खुळखुळत ठेवूं नयेत.

दुसरा नियम टिपणाचा. नाणें कोणाकडून आलें, केव्हां आलें, जमिनींतून निघालें असल्यास कोणत्या गांवच्या कोणत्या शेतांत, किती खोलीवर, मडक्यांत कीं सुटें, बरोबर आणखी काय होतें, हें सर्व त्याच दिवशीं तारखेसह लिहून ठेवावें. दोन्ही बाजूंचीं स्वच्छ छायाचित्रें शेजारीं मोजपट्टी ठेवून घ्यावींत. नाण्याचा ठावठिकाणा हा त्याच्या खरेपणाचा अर्धा पुरावा असतो.

यानंतर परीक्षा. ती चार पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी चुंबकाची. सोनें, चांदी, तांबें, शिसें यांस चुंबक ओढीत नाहीं. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चुंबकास चिकटला तर आंत लोखंड आहे हें निश्चित. मात्र येथेंही एक अपवाद ध्यानीं ठेवावा. १९४७ सालचा षष्ठ जॉर्जचा रुपया निकेलचा आहे. तो चुंबकास चिकटतो, व तरीही खरा असतो. चुंबक नाण्याचा धातु सांगतो; तो धातु त्या नाण्याचा असावा कीं नाहीं, हें पुस्तकांतूनच समजतें.

दुसरी पायरी वजनाची. टांकसाळ वजनाच्या बाबतींत काटेकोर असते. नकलाकार बहुधा नसतो. इंग्रजी अमलांतील चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनांचा अथवा ११.६६ ग्रॅमचा असे. वापरानें तो कांहीं अंशानें झिजतो. अर्धा-पाऊण ग्रॅम अधिक भरत असेल तर मात्र शंका घ्यावी, कारण नाणें झिजतें, वाढत नाहीं. रुपयांतील चांदी १९३९ पर्यंतच्या नाण्यांत बारांत अकरा भाग होती. १९४० पासून ती निम्म्यावर आली. तेव्हां दिसण्यांत सारखे असलेले दोन रुपये चांदीच्या मोलानेंही सारखे नसतात, हें विकणाऱ्याला ठाऊक हवें. घेणाऱ्याला तें बहुधा ठाऊक असतेंच.

तिसरी पायरी विशिष्ट गुरुत्वाची. आर्किमिडीजची ही युक्ति शाळेंत सर्वांनीं शिकलेली असते, परंतु घरांत ती कोणी वापरीत नाहीं. सूक्ष्म वजन दाखविणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवावा व काटा शून्यावर आणावा. नाणें बारीक दोऱ्यानें बांधून पाण्यांत पूर्ण बुडेल, पण तळास अगर बाजूस टेंकणार नाहीं, असें लोंबतें धरावें. काटा जो आंकडा दाखवील त्यानें नाण्याच्या कोरड्या वजनास भागावें. रुपयाचें वजन ११.६० ग्रॅम आहे व पाण्यांत काट्यानें १.१२ दाखविले, तर भागाकार १०.३६ येतो. शुद्ध चांदीचा आंकडा १०.४९ आणि तांब्याचा ८.९६, बारांत अकरा भाग चांदीच्या रुपयाचा सुमारें १०.३ असावयास पाहिजे. म्हणजे धातु बरोबर जुळला. तेंच काट्यानें १.३५ दाखविले तर भागाकार ८.६ होतो, तो जर्मन सिल्व्हरसारख्या धातूचा तुकडा समजावा.

या परीक्षेच्या दोन मर्यादा आहेत. नाणें लहान असेल तर चूक मोठी होते. ३.९० ग्रॅमच्या सोन्याच्या नाण्यास काट्यानें ०.२० दाखविले तर उत्तर १९.५ येतें, ०.२१ दाखविले तर १८.६. एका शतांशाच्या फरकानें जवळजवळ एक अंक हालतो. म्हणून लहान सोन्याच्या नाण्यासाठीं सहस्रांश दाखविणारा काटा हवा, व तसा काटा चांगल्या सराफाकडे किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत मिळतो. दुसरी मर्यादा अशी कीं, टंगस्टन या धातूचें गुरुत्व सोन्याच्या अगदीं जवळ आहे. आंत टंगस्टन व वर सोनें असा तुकडा या परीक्षेंतून निसटूं शकतो. कसोटीच्या दगडावर घासणें किंवा कांठ कापून पाहणें हा सराफाचा नेहमींचा उपाय आहे, पण जुन्या नाण्यावर तो करूं देऊं नये. त्या एका ओरखड्यानें सोन्याचा कस कळतो व नाण्याची किंमत जाते.

चौथी पायरी नजरेची. जुनीं नाणीं ठशानें ठोकून पाडलेलीं असत. ठोकलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडा धारदार राहतात व धातु बाहेरच्या दिशेनें पसरल्यासारखा दिसतो. सांच्यांत ओतलेल्या नकलेवर भिंगांतून पाहतां बारीक छिद्रें, गोलावलेल्या बोथट कडा, आणि कांठावर दोन अर्धांच्या सांध्याची रेषा दिसूं शकते. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन नकलांवर एकच खांच एकाच जागीं असते. खऱ्या नाण्यांना अपघात वेगवेगळ्या ठिकाणीं झालेले असतात. अक्षरांची तुलना संग्रहालयाच्या प्रकाशित सूचींतील छायाचित्राशीं करावी. नकलाकाराला लिपि येत नसते. तो चित्र काढतो, आणि तेथेंच सांपडतो.

एवढ्यानें घरचें काम संपलें. धातु खरा निघाला म्हणजे नाणें खरें ठरलें असें नव्हे. खऱ्या सोन्याचीं खोटीं नाणींही असतात. छत्रपति शिवाजीमहाराजांच्या होनाच्या नकला आज भेटवस्तु म्हणून उघडपणें बनविल्या जातात. खरा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे. पूर्वीं व्हेनिसच्या डुकाट नाण्यांच्या नकला हिंदुस्थानांत सोनारांनींच पाडल्या, व पुतळ्यांच्या माळेंतील ‘पुतळी’ ही त्याच नाण्याची वंशज आहे. म्हणून अखेरचा निर्णय तज्ज्ञाकडूनच घ्यावा. सालेकसाहून नागपूर रेल्वेनें कांहीं तासांवर आहे; तेथें १८६३ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला नागपूरकर अजब बंगला म्हणतात. नाशिकजवळ अंजनेरी येथें नाणकशास्त्राच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे. भारतीय नाणकशास्त्र परिषद १९१० सालीं स्थापन झाली. तिचें कार्यालय काशी हिंदु विश्वविद्यालयांत आहे. प्रथम पत्रानें छायाचित्रें, वजन व व्यास कळवावा. मूळ नाणें टपालानें पाठवूं नये.

नाणें खरें ठरलें तरी तें दुर्मीळ आहे असें लगेच ठरत नाहीं. जुनें, खरें आणि दुर्मीळ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तांब्याची शिवराई तीनशें वर्षांची परंपरा सांगते, पण ती इतक्या मोठ्या संख्येनें व इतका काळ पाडली गेली कीं सामान्य शिवराई आजही स्वस्त आहे. उलट १९३९ सालचा षष्ठ जॉर्जचा रुपया शंभर वर्षांचाही नाहीं, परंतु तो फार थोडा बाहेर पडल्यामुळें संग्राहक त्यासाठीं मोठी रक्कम मोजतात. आणि म्हणूनच त्या सालाचा रुपया कोणी पुढें केला कीं अखेरचा आंकडा कोरून बदललेला तर नाहीं ना, हें प्रथम भिंगाखालीं पाहावें लागतें. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट प्रसिद्ध आहे. बादशहाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तो रुपया मागें घेण्यांत आला, व १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट करण्यांत आली. तरीही त्या वर्षाचे रुपये बाजारांत वरचेवर दिसतात. गोष्ट जितकी दुर्मीळ तितकें नाणें नाहीं.

मागणी व पुरवठा यांच्याबरोबर तिसरी गोष्ट स्थिति. एकाच सालाचे दोन रुपये, एक न वापरलेला, चकाकी कायम असलेला, व दुसरा झिजून बादशहाचा कान पुसलेला. यांच्या किंमतींत कित्येक पटींचें अंतर पडतें. माळेंतील रुपयाचें भाग्य याच ठिकाणीं ठरतें. कडी जोडतांना लावलेला डाक काढला तरी त्याचा डाग राहतो; असा रुपया बहुधा चांदीच्याच भावानें जातो. मात्र माळ अखंड असेल तर तिला दागिना म्हणून स्वतंत्र मोल असतें. ती सोडवून रुपये सुटे विकण्यापूर्वीं हा विचार करावा. आजीच्या गळ्यांतील वस्तूचें घराला जें मोल असतें, त्याचा हिशेब तर कोणत्याच बाजारांत होत नाहीं.

विक्रीकडे वळण्यापूर्वीं कायदा समजून घेतला पाहिजे. वारशानें आलेलें नाणें व जमिनींतून निघालेलें नाणें यांत कायदा भेद करितो. जमिनींत दडलेली व दहा रुपयांहून अधिक किंमतीची कोणतीही वस्तु १८७८ च्या निखात निधि कायद्याखालीं येते. ती ज्याला सांपडली त्यानें जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविलें पाहिजे. वस्तूचें स्वरूप, अंदाजी किंमत, जागा व तारीख द्यावी, आणि ती वस्तु सरकारी कोषागारांत जमा करावी अथवा तिच्यासाठीं जामीन द्यावा. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढून हक्कदारांस चार ते सहा महिन्यांच्या अवधींत बोलावितात. निधि शंभर वर्षांहून जुना व बेवारस ठरल्यास, दुसरा करार नसेल तर, तीन चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास, अशी वांटणी कायद्यानें सांगितली आहे. सरकारला तो ठेवून घ्यावयाचा असेल तर धातूचें मोल व त्यावर एक पंचमांश अधिक देऊन तो घेतां येतो. जो लपवील त्याचा वांटा जातो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. ‘सरकारला कळविलें तर सर्व जाईल’ या भीतीनें खेड्यांतील लोक नाणीं वितळवितात. कायदा वाचला तर ती भीति बरीच अनाठायीं असल्याचें दिसतें. धातूची किंमत तर त्यांत सुटत नाहींच, आणि मोड करणाऱ्या सोनारापेक्षां हा हिशेब तोट्याचा नसतो.

अखंड सांठा सरकारांत जमा होण्याचें महत्त्व दोन उदाहरणांवरून कळेल. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा सांठा मिळाला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ज्याचा पराभव केला त्याचेंच नाणें स्वतःच्या नांवानें चालविलें, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळा येथें सातवाहनांच्या मिश्र धातूच्या नाण्यांचा सुमारें सोळाशेंचा सांठा निघाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो १९४० मध्यें प्रसिद्ध केला, आणि कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हीं नांवें इतिहासाला त्या नाण्यांनीं दिलीं. ती मिश्र धातूचीं नाणीं मोडींत काढलीं असतीं तर मूठभर पैसे आले असते. तीन राजे मात्र नाहींसे झाले असते.

वारशाचें नाणें देशांत विकण्यास मालक मोकळा आहे. परंतु १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, आणि पुराणवस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्यास परवाना लागतो. ‘दुबईचा गिऱ्हाईक आहे, टपालानें पाठवा’ असें कोणी सांगितलें तर तो एक तर लबाड असतो, नाहीं तर विकणाऱ्यास गुन्ह्यांत ओढणारा असतो.

प्रत्यक्ष विक्रींत नाण्याला तीन किंमती असतात हें जाणून असावें. धातूची किंमत ही तळाची. तिच्याखालीं कधींच उतरूं नये. व्यापाऱ्याची खरेदीची किंमत ही मधली. त्याला भांडवल व नफा यांचा विचार करावा लागतो, म्हणून ती कमी असणें यांत फसवणूक नाहीं. जाहीर लिलावाची किंमत ही बहुधा वरची. मुंबई, अहमदाबाद, बंगळूर येथें नाण्यांचे लिलाव नियमानें होतात. तेथें अडत द्यावी लागते, महिने वाट पाहावी लागते, आणि कमीत कमी कोणत्या रकमेस विकावें हें आधीं लेखी ठरवितां येतें. थोड्या किंमतीच्या नाण्यास व्यापारी बरा. खरोखर दुर्मीळ नाण्यास लिलाव. किंमतीचा अंदाज घेतांना कोणी किती मागतो हें पाहूं नये. पूर्वीं तसेंच नाणें, तशाच स्थितींत, प्रत्यक्ष कितीस गेलें हें लिलावांच्या जुन्या याद्यांत पाहावें. मागणाऱ्याला कोटीही मागतां येतात. निदान दोघांकडून भाव घ्यावा, नाणें हातांवेगळें करतांना वजन व छायाचित्रासह पावती घ्यावी, आणि पैसे बँकेमार्फत घ्यावे.

सर्वांत मोठा नियम एका वाक्याचा आहे. विकणारा पैसे घेतो, देत नाहीं. नोंदणी, कर, विमा, प्रमाणपत्र, अशा कोणत्याही नांवाखालीं जो खरेदीदार विकणाऱ्याकडेच आगाऊ रक्कम मागतो, तो खरेदीदार नव्हे. रिझर्व्ह बँकेचें नांव व बोधचिन्ह वापरून जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या व्यवहारांत अशी रक्कम उकळली जात असल्याचें त्या बँकेनें ऑगस्ट १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे ऑगस्ट २०२१ मध्यें जाहीर केलें, आणि आपण अशा व्यवहारांत मुळींच पडत नाहीं व कोणासही त्यासाठीं अधिकार दिलेला नाहीं, हें स्पष्ट केलें. ठकबाजीचा हा धंदा जुना वाटतो, पण त्याचीं माणसें आजचीं आहेत.

एवढें ध्यानांत धरल्यावर त्या घरांतील तीन नाण्यांचा निकाल कठीण नाहीं. १८१८ चा हनुमान देव्हाऱ्यांत राहील, आणि त्याच्या नांवानें आलेला फोन उचलण्याचें कारण उरणार नाहीं. रुपया माळेंत राहील, अथवा गरज पडल्यास त्या दिवशींच्या चांदीच्या भावानें जाईल. त्या भावाचा हिशेब घरांतील शाळकरी मुलगी काटा व भागाकार यांच्या साह्यानें स्वतः करील. पिवळ्या नाण्याविषयीं मात्र आधीं घरांत विचारणा करावी लागेल: हें आलें कोठून? आजीच्या पेटींतून आलें असेल तर छायाचित्र नागपुरास जावें. तळ्याच्या कांठीं किंवा बांधींत मिळालें असेल तर एक लेखी अर्ज गोंदियास जिल्हाधिकाऱ्यांकडे जावा, व ज्या ठिकाणीं तें मिळालें तेथें पुन्हा कुदळ मारण्याची घाई करूं नये. त्या दोन ओळींत राजाचें नांव असेल किंवा नसेल. पण तें वाचलें जाईपर्यंत नाणें न घासतां, न वितळवितां, एका पाकिटांत नीट राहिलें पाहिजे.